सीडी राइट झाली, पण पक्की झाली का?

"काका, डिस्क कोरी आहे."

आमच्या सोसायटीत पार्किंगवरून जुंपली होती. सीसीटीव्हीचं फुटेज वकिलांना डीव्हीडीवर हवं होतं, आणि अख्ख्या बिल्डिंगमध्ये डीव्हीडी रायटर माझ्या एकट्याकडे. रात्री बसून फुटेज डिस्कवर घेतलं, माझ्याच लॅपटॉपवर चालवून पाहिलं, सगळं नीट दिसलं. सकाळी सदाशिव पेठेत वकिलांच्या ऑफिसात डिस्क देऊन आलो, आणि घरी पोचतोय तोवर त्यांच्या ज्युनियरचा हा फोन. परत गेलो. त्यांच्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह जरा वेळ घुरघुरायचा आणि मग ‘ड्राइव्हमध्ये डिस्क घाला’ म्हणायचा. डिस्क आत होती! तीच डिस्क घरी आणून लावली तर फुटेज पुन्हा हजर.

डिस्क कोरी नव्हती, कच्ची होती. चूक माझी होती आणि ती करायला फार अक्कल लागत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. ज्यांनी पेनड्राइव्ह आणि क्लाउडच्या काळात पहिल्यांदाच ब्लँक डिस्क हातात घेतली आहे, त्यांच्यासाठी. अशी माणसं कमी नाहीत. कोर्टकचेरीत डिस्क मागतात, एमआरआयची सीडी दुसऱ्या डॉक्टरांसाठी कॉपी करून घ्यावी लागते, आजोबांच्या कीर्तनाच्या कॅसेटी उतरवून मामाच्या जुन्या प्लेयरवर वाजतील अशा करून द्यायच्या असतात.

कच्चं बिल आणि पक्कं बिल

दुकानातली कच्ची चिठ्ठी आठवा. ‘३ नग, २ जो., उ. बाकी.’ दुकानदाराला आणि गल्ल्यावरच्या त्याच्या माणसाला ती बरोबर कळते. बाहेर कुणाला दाखवली तर तिला काही अर्थ नाही. बाहेर चालतं ते पक्कं बिल.

ब्लँक डिस्कवर आपण लिहायला लागलो की रायटर अशीच एक कच्ची चिठ्ठी करतो. डिस्कच्या मध्याजवळ एक छोटी जागा या टिपणांसाठी राखलेली असते, तिथे तो कुठून कुठपर्यंत लिहिलं ते टिपून ठेवतो. ही जागा बघायची रीत फक्त लिहिणाऱ्या ड्राइव्हला माहीत असते. नुसता वाचणारा ड्राइव्ह, कारमधला प्लेयर, टीव्हीखालचा डीव्हीडी प्लेयर तिकडे फिरकतही नाहीत. ते मध्यापासून वाचायला सुरुवात करतात आणि ‘लीड-इन’ नावाच्या पट्ट्यात छापील अनुक्रमणिका शोधतात. आपण डिस्क बंद केलेली नसेल तर तो पट्टा रिकामाच असतो. पट्टा रिकामा म्हणजे डिस्क रिकामी, असा त्यांचा हिशेब.

फायनलाइज करणं म्हणजे हे पक्कं बिल फाडणं. रायटर लीड-इनमध्ये अनुक्रमणिका लिहितो आणि मजकूर जिथे संपतो तिथे ‘लीड-आउट’ नावाचा शेवटाचा पट्टा लिहितो. तुमच्या फाइलींना यात हात लागत नाही.

मध्ये एक अर्धवट अवस्थाही असते आणि नवखी माणसं तिथेच फसतात. एका वेळच्या लिखाणाला सेशन म्हणतात. सेशन बंद करता येतं आणि तरी डिस्क पुढच्या सेशनसाठी उघडी ठेवता येते. अशी डिस्क बहुतेक कॉम्प्युटर वाचतात. गाण्यांचा जुना सीडी प्लेयर मात्र पहिलंच सेशन ओळखतो, पुढचं त्याच्या लेखी नसतं. डीव्हीडीच्या बाबतीत तर काही कॉम्प्युटर ड्राइव्हसुद्धा पहिल्या सेशनपुढे जात नाहीत. म्हणून डिस्क बाहेर कुणाला द्यायची असेल तर माझं मत ठाम आहे: एकदाच लिहा आणि पूर्ण बंद करा. ‘पुढे कधी फोटो टाकू’ म्हणून उघडी ठेवलेली जागा कुणी भरल्याचं मी पाहिलेलं नाही. शिवाय उघडझाप फुकट होत नाही. सीडीवर पहिलं सेशन बंद करायला साधारण २२ एमबी जातात, पुढच्या प्रत्येकाला १३ च्या आसपास. पाच वेळा उघडझाप केली की सत्तरएक एमबी नुसत्या पावत्यांवर गेले.

काय आणायचं

पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, ब्लँक डिस्क विचारली तर दुकानदार आधी ‘अजून वापरता?’ अशा नजरेने बघेल, मग आतून काढून देईल. सीडी-आर ७०० एमबीची; ‘आर’ म्हणजे एकदा लिहिलं की पुसता न येणारी. डीव्हीडी-आर ४.७ जीबीची, पण विंडोज तिलाच साधारण ४.३७ जीबी म्हणतं. तुम्हाला कुणी फसवलेलं नाही, डिस्क बनवणारा हजाराने मोजतो आणि विंडोज १०२४ ने. डबल लेयर डीव्हीडी ८.५ जीबीची. ब्लू-रे २५ जीबीपासून सुरू होते, पण तिला ब्लू-रेचाच रायटर लागतो आणि वाचणाऱ्याकडेही ब्लू-रे ड्राइव्ह असावा लागतो, म्हणून आपल्या कामाला ती विसरा. डीव्हीडी उणे-आर घ्यायची की अधिक-आर, यावर पूर्वी तासन् तास वाद चालायचे. आजचे रायटर दोन्ही लिहितात, मिळेल ती घ्या.

पुसून पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू घेऊ नका, निदान दुसऱ्याला द्यायला तरी. तिच्यावरून परतणारा उजेड मंद असतो आणि जुने ड्राइव्ह तिला नाकारतात. एकच डिस्कही आणू नका. तीन आणा, कारण पहिली बहुधा शिकण्यात जाते.

आता कृती

पहिली पायरी डिस्क घालण्याआधीची आहे. जे द्यायचं ते सगळं एका फोल्डरमध्ये जमवा, फोल्डरची साइज पाहा आणि डिस्कवर थोडी जागा उरेल असं बघा. ४.३७ च्या डिस्कवर ४.३६ कोंबू नका. डिस्कची बाहेरची कड सगळ्यात आधी खराब होते, आणि लिखाण आतून बाहेर जात असल्यामुळे तिथे तुमच्या शेवटच्या फाइली बसलेल्या असतात.

फाइलींची नावंही इथेच उरकून घ्या. डिस्कवर फाइली मांडायची मूळ पद्धत १९८८ ची आहे. आयएसओ ९६६० तिचं नाव. तिच्यात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि खालची रेघ चालते. मराठी नावं टिकवायची तर वर ‘जोलिएट’ची जोड लागते किंवा ‘यूडीएफ’ ही नंतरची पद्धत. जोलिएटमध्ये नावाला ६४ अक्षरांची मर्यादा आहे, आणि इथे देवनागरी फसवते. कॉम्प्युटर मात्रा, वेलांट्या, हलन्त सगळं वेगळं मोजतो. ‘श्री’ आपल्याला एक अक्षर, त्याला चार. ‘क्षितिज’ आपल्याला तीन, त्याला सात. ‘श्रीसत्यनारायण पूजा व वास्तुशांत आत्यांच्या कॅमेऱ्यातून सगळे व्हिडिओ एकत्र’ अशी नावं देणाऱ्यांनी सावध राहावं, शेपूट कापली जाईल. कुठल्या मशीनवर उघडणार हे माहीत नसेल तर मी नाव इंग्रजी अक्षरांत आणि आटोपशीर ठेवतो, आणि आत ‘वाचा’ म्हणून मराठीतली एक टेक्स्ट फाइल टाकतो.

आता ब्लँक डिस्क घाला. ‘धिस पीसी’मध्ये जाऊन डीव्हीडी ड्राइव्हवर डबल क्लिक केलंत की विंडोज एक प्रश्न विचारतं. या लेखातली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच. डिस्कला नाव द्यायला एक रकाना असतो आणि खाली दोन पर्याय: ‘लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह’ आणि ‘विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेयर’.

पहिला पर्याय गोड दिसतो. पेनड्राइव्हसारखं ओढा, टाका, झालं. मी त्या रात्री तोच घेतला होता. यात फाइली थोड्या थोड्या लिहिल्या जातात आणि डिस्क बाहेर काढेपर्यंत सेशन उघडं असतं. फाइल पुसता येते असं दिसतं, पण आर डिस्कवर पुसल्याने जागा परत मिळत नाही, नाव तेवढं दिसेनासं होतं. शिवाय टीव्हीखालचे आणि कारमधले प्लेयर या पद्धतीची डिस्क बहुधा घेतच नाहीत.

म्हणून दुसरा पर्याय निवडा. डिस्क कॉम्प्युटरवरच वाचली जाणार असली, प्लेयरमध्ये कधीच जाणार नसली, तरीही दुसराच. फाइली ड्राइव्हच्या खिडकीत ओढून टाका. त्या फिक्या दिसतील आणि वर ‘लिहायला तयार’ अशा अर्थाचं शीर्षक येईल. अजून डिस्कवर काहीही गेलेलं नाही, हे लक्षात ठेवा. इथेच डिस्क काढून ‘झाली की’ म्हणणारे मी पाहिले आहेत. रिकाम्या जागेवर राइट क्लिक करून ‘बर्न टु डिस्क’ म्हणा. पुढच्या खिडकीत वेग विचारतात. सगळ्यात मोठा आकडा टाळा, मधला घ्या. डीव्हीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला साधारण १.३८ एमबी. ८ एक्सने भरलेली डिस्क दहाएक मिनिटांत होते. चहा होईपर्यंत.

बर्न चालू असताना लॅपटॉप झोपू देऊ नका, चार्जर लावून ठेवा, यूएसबीचा रायटर टेबलाच्या कडेला नको. गुरुवारी तर हे काम काढूच नका. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते आणि डेस्कटॉपवर अर्ध्यात गेलेली आर डिस्क पुन्हा लिहिता येत नाही. चहाच्या कपाखाली ठेवायला बरी पडते.

या पद्धतीत सगळं एकदम लिहून विंडोज सेशन बंद करतं आणि ट्रे बाहेर येतो. बहुतेक कॉम्प्युटरसाठी एवढं पुरतं. पण विंडोज बंद करतं ते सेशन, अख्खी डिस्क नव्हे. डिस्क कायमची बंद हवी असेल तर स्वतंत्र सॉफ्टवेअर घ्या. सीडीबर्नरएक्सपी फुकट आहे आणि लिहायच्या आधीच विचारतं, डिस्क उघडी ठेवू की फायनलाइज करू. नीरोमध्ये ‘मल्टिसेशन’ची किंवा नंतर फाइली टाकू देण्याची खूण काढून टाकायची. लिनक्सवर ब्रासेरोत ‘डिस्क उघडी ठेवा’ अशी चौकट असते ती कोरी ठेवा, के३बीमध्ये ‘नो मल्टिसेशन’ निवडा. मॅकवर फाइंडरमधून केलेली डिस्क बंद होऊनच येते.

फायनलाइज चालू असताना पट्टी शेवटाला येऊन बराच वेळ हलत नाही. घाबरून बटण दाबू नका. गंमत अशी की थोडाच मजकूर असलेल्या डीव्हीडीला कधी कधी जास्त वेळ लागतो, कारण लीड-आउट ठरावीक रुंदीच्या वर्तुळापर्यंत पोचवावा लागतो आणि मधली मोकळी जागा रायटरला भरून काढावी लागते.

मग तपासणी. ज्या मशीनवर लिहिली त्याच मशीनवर तपासणं म्हणजे स्वतःच पेपर लिहून स्वतःच तपासणं. रायटर आपली कच्ची चिठ्ठी वाचतो आणि ‘सगळं आहे’ सांगतो. माझं तसंच झालं. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर लावा, शक्यतो जुन्या, नुसत्या वाचणाऱ्या ड्राइव्हमध्ये. शेजारी, लायब्ररी, झेरॉक्सचं दुकान, कुठेही. फाइलींची यादी दिसली म्हणून खूश होऊ नका, शेवटची आणि सगळ्यात मोठी फाइल उघडून मध्ये मध्ये चालवून बघा. एवढी यातायात नको असेल तर इमेजबर्न नावाचं सॉफ्टवेअर उघडा. डिस्क घातल्यावर उजवीकडे तिची कुंडली येते. तिथे स्टेटसपुढे ‘कंप्लीट’ हवं.

काम कोर्टाचं असेल तर आणखी एक. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. जुन्या कायद्यातल्या कलम ६५-ब च्या जागी आता कलम ६३ आलं, आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश लिहायला जागा आहे. हॅश म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा. हॅश मूळ फाइलचा काढा आणि डिस्क बंद झाल्यावर डिस्कवरच्या फाइलचाही काढा. दोन्ही जुळले पाहिजेत. प्रमाणपत्र कुणी, कसं द्यायचं ते वकिलांना विचारा, तो माझा प्रांत नाही.

कच्ची राहिलीच तर

ती फेकू नका. ज्या कॉम्प्युटरवर लिहिली तिथेच परत घाला, ड्राइव्हवर राइट क्लिक करा, ‘क्लोज सेशन’ दिसेल. तेवढं केलं की डिस्क सुधारते. पेनड्राइव्ह पद्धतीत डिस्क बटणाने बाहेर काढली तर विंडोज स्वतःच सेशन बंद करतं. पण मी बटण दाबलं नव्हतं. रात्रीचे बारा वाजले होते, मी सरळ यूएसबीची वायर उपटली आणि सकाळी वकिलांकडे निघताना रायटर लॅपटॉपला न जोडता, नुसत्या चार्जरवर लावून ट्रे उघडला आणि डिस्क काढली. बंद करायला त्याला संधीच मिळाली नाही.

‘क्लोज सेशन’ने एरर दिली तर इमेजबर्नमध्ये टूल्स, मग ड्राइव्ह, त्यात ‘क्लोज’ आहे. सेशन आणि डिस्क दोन्ही तिथून बंद करता येतात. तेही फसलं तर आयसोबस्टर नावाचं सॉफ्टवेअर अनुक्रमणिकेशिवाय डिस्क चाळून फाइली बाहेर काढतं. तेव्हा ड्राइव्ह रायटरच वापरा, नुसता वाचणारा ड्राइव्ह अशा डिस्कला हात लावत नाही. फाइली मिळाल्या की नव्या डिस्कवर, नीट.

एक वेगळा प्रकार घरोघरी पडून आहे. साधारण २००५ ते २०१० च्या दरम्यान लोकांनी छोट्या, आठ सेंटिमीटरच्या डीव्हीडीवर शूट करणारे कॅमेरे घेतले. मुंजी, बारशी, सिंहगडाच्या सहली त्यांत आहेत. अशी एक डिस्क म्हणजे १.४ जीबी, साध्या दर्जाला अर्ध्या तासाचं शूटिंग. ती कॅमेऱ्यातच फायनलाइज करावी लागायची, बरेच कॅमेरे त्यासाठी बॅटरी न चालवता चार्जर लावायला सांगायचे, आणि ते करायचं घरात कुणालाच माहीत नव्हतं. तुमच्या कपाटात अशा डिस्क असतील तर आधी कॅमेरा चालतो का बघा. चालत असेल तर चार्जर लावून आजच बंद करा, कारण उद्या कॅमेरा चालेलच असं नाही. गेला असेल तर आयसोबस्टर आहेच. या डिस्क ट्रेवाल्या ड्राइव्हच्या मधल्या खळग्यात ठेवा. ज्यात डिस्क फटीतून सरकवतात त्या ड्राइव्हमध्ये चुकूनही घालू नका, ती आत अडकते आणि मग ड्राइव्ह खोलावा लागतो.

शेवटी नाव लिहायचं. बॉलपेन नको, मऊ टोकाचा सीडी मार्कर घ्या. सीडीचा मजकूर वरच्या बाजूला, लेबलच्या पातळ लाखेखाली असतो, त्यामुळे वरचा ओरखडा खालच्यापेक्षा वाईट. डीव्हीडीत मजकूर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, ती थोडी बिनधास्त. कागदी लेबल कशावरच चिकटवू नका; डिस्क त्याने तोल सोडते आणि आपल्या पावसाळ्यात तो कागद ओल धरतो. खोक्यात उभी ठेवा, खिडकीपासून लांब.

मी नावाखाली तारीख लिहितो, आणि दुसऱ्या मशीनवर चालली की कोपऱ्यात छोटा ‘प’ काढतो. पक्कीचा प. फुटेजची दुसरी डिस्क दिली तेव्हा ज्युनियरने तो ‘प’ निरखून पाहिला आणि विचारलं, "काका, हा पार्किंगचा का?"